सत्तरी ओलांडली म्हणून पॉलिसी मोडायची?

"७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला सरकारकडून ५ लाखांचा मोफत विमा. खासगी पॉलिसी असेल तर कार्ड मिळत नाही, ती आधी बंद करा. कुठल्याही हॉस्पिटलात कॅशलेस. पोर्टिंगच्या भानगडीत पडू नका, वेटिंग पहिल्यापासून सुरू होतं. कंपन्या म्हाताऱ्यांना लुटतात."

हा मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. (पोर्टिंग म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेणं; वेटिंग म्हणजे ठरावीक आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ.) फिरेना का, पण परवा मामाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "यंदा हप्ता भरत नाही." मामा ७३ वर्षांचा. मधुमेह जुना, बायपास झालेली. आता गप्प बसणं शक्य नाही.

खासगी पॉलिसी असेल तर कार्ड नाही, हे धादांत खोटं. ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आयुष्मान भारत या सरकारच्या मोफत उपचार योजनेचा सत्तरीपुढच्यांसाठीचा हा विस्तार मंजूर केला; कार्ड म्हणतात ते याचंच. त्या दिवशीच्या सरकारी प्रसिद्धिपत्रकातच आहे की खासगी आरोग्य विमा किंवा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असलेले ज्येष्ठही पात्र आहेत. निवड करायची आहे ती सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी), ईसीएचएस (माजी सैनिकांसाठी) अशा सरकारी आरोग्य योजनांतल्या लोकांनी: जुनी योजना ठेवा नाहीतर ही घ्या. कुणीतरी तेवढंच वाचलं आणि त्यांची अट सगळ्यांच्या गळ्यात मारली.

बरं, पॉलिसी सोडली तर जातं काय? नुसता हप्ता वाचत नाही. चालू पॉलिसीचं नूतनीकरण "तुम्ही मागे क्लेम घेतलात" म्हणून कंपनीला नाकारता येत नाही. सलग ५ वर्षं झाली की जुना आजार सांगितला नव्हता या सबबीवर क्लेम अडवता येत नाही. फसवणूक सिद्ध करावी लागते. हे सगळं मामाने वर्षानुवर्षं हप्ते भरून कमावलंय. ते सोडून उद्या परत विमा घ्यायला गेला, तर बायपासची फाइल बघून कंपनी सरळ नाही म्हणू शकते. घेतलंच, तर आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत वेटिंग. म्हणजे वयाच्या शहात्तरीपर्यंत हृदयाने शहाण्यासारखं वागायचं!

"कुठल्याही हॉस्पिटलात" हेही नाही. योजनेच्या यादीतलंच हॉस्पिटल लागतं. नेहमीचं हॉस्पिटल त्यात आहे का ते आधी बघा. आणि ५ लाख प्रत्येकाला नव्हे, घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. मामा-मामी दोघांत एकच रक्कम. तरी कार्ड काढाच. उत्पन्नाची अट नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. फक्त ते पॉलिसीच्या जोडीला ठेवा.

लुटतात म्हणाल तर, हप्ते भरमसाट वाढलेत, हे मान्य करावंच लागेल. पण जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामक आयआरडीएआयशी बोलावं लागतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. मेसेज लिहिणाऱ्याला हे कळलेलं दिसत नाही.

राहिलं पोर्टिंग. वेटिंग पहिल्यापासून सुरू होत नाही. भोगून झालेला काळ नव्या कंपनीत धरला जातो, जुन्या विमा रकमेपुरता. रक्कम वाढवलीत तर वाढीव भागाला वेटिंग नव्याने. मात्र नवी कंपनी नकार देऊ शकते. म्हणून अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करायचा, आजार एकही न लपवता, आणि होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी मोडायची नाही. मामाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. त्याने यंदा गुपचूप हप्ता भरावा, पोर्टिंगचं पुढच्या वर्षी बघू.