भरती पायांची, नोकरी कानांची

माझ्या भाचीची कारागृह शिपाई म्हणून निवड झाली. यादी लागली तेव्हा मी कळव्याला धाकट्या बहिणीकडेच होते. पेढे यायच्या आधी समोरच्या काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, जेलमध्ये होय? पोलिसात नाही झालं का?" दीड वर्ष पहाटे साडेचारला उठून मैदान गाठणारी पोरगी ती. काकूंच्या त्या एका प्रश्नाने तिचा चेहरा उतरला.

मी या खात्यात २९ वर्षं काढली. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. चार कारागृहांत नोकरी केली. त्यांची नावं लिहीत नाही, कारण कुणाकडे बोट दाखवायला ही पोस्ट लिहिलेली नाही. पण काकूंशी आणि पोरीशी त्या दिवशी जे बोलायचं राहून गेलं ते इथे लिहिते. भरतीची तयारी करणारी बरीच मुलं-मुली माझ्या यादीत आहेत, त्यांनीही वाचावं.

ही भरती कशी होते ते त्यांना तोंडपाठ आहे. बारावी पास. मुलींना उंची १५५ सेंटिमीटर, मुलांना १६५. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावणं त्याला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मग १०० गुणांची लेखी परीक्षा. त्यात अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. मैदानावर एका सेकंदाने मुलं बाहेर पडतात. आईबाप शेत गहाण टाकून पोरांना अकॅडमीत ठेवतात. या मेहनतीला मी हात जोडते.

पण २९ वर्षांत मला ड्यूटीवर ८०० मीटर एकदाही धावावं लागलं नाही. मी उभी राहिले, चालले, मोजलं, आणि ऐकलं. सकाळी बराक उघडताना मोजायचं, संध्याकाळी बंद करताना मोजायचं, गिनती जुळली की रजिस्टरवर सही. महिला विभागात पुरुष कर्मचाऱ्याने एकट्याने पाऊल टाकायचं नाही हा नियम, म्हणजे रात्री आत जे काही होईल त्याला पहिली तोंड देणार तुम्हीच. आणि रात्री दिसत काहीच नाही. कोण कुशीवर वळलं, कोण जागं आहे, कुणाचं रडणं पांघरुणात दाबलेलं आहे, हे सगळं कानांनी ओळखायचं.

एक गोष्ट आजवर घरातसुद्धा फार कुणाला सांगितली नव्हती, आज सांगते.

पस्तिशीची एक बाई होती, कच्ची कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेली. पाच महिन्यांत तिच्या मुलाखतीला, म्हणजे भेटीला, कुणी आलं नव्हतं. कधी तक्रार नाही, भांडण नाही. आम्ही सगळ्या म्हणायचो, हिचा काही त्रास नाही. एक दिवस तिची कोर्टाची तारीख होती. दुपारी परत आली, जेवण तसंच ठेवलं. संध्याकाळी मी बराक बंद करायला गेले तेव्हा ती आपलं सामान वाटत होती. खोबरेल तेलाची अर्धी बाटली एकीला, कंगवा दुसरीला, आणि शेजारच्या म्हातारीला नवा साबण, पिवळ्या वेष्टनातला, अजून न फोडलेला. म्हातारी मला हसून म्हणाली, "बघा मॅडम, आज हिची दिवाळी आहे." मीही हसले. गिनती जुळली. सही केली.

रात्री दोनच्या सुमाराला म्हातारीची किंकाळी आली. म्हातारीला झोप लागत नव्हती, म्हणून ती बाई वाचली. आम्ही वेळेत दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला साधं विचारलं, "आधी काही जाणवलं होतं का?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिने जेवण सोडलं होतं हे मला माहीत होतं. कोर्टातून आल्यापासून ती बोलली नव्हती हेही माहीत होतं. आणि साबण दिला तो तर माझ्या डोळ्यांदेखत. पण तिचा विचार करायला मी थांबलेच नाही, कारण हातात किल्ल्या होत्या आणि पुढची बराक बंद व्हायची होती.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एक शिरस्ता पाळला. बंद करण्याआधी प्रत्येकीपाशी थांबून विचारायचं, "जेवलीस का?" आणि उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. याने काय काय कळतं ते ऐका. एक नवी आलेली बाई दर अर्ध्या तासाने "किती वाजले?" विचारायची. बाकीच्या वैतागल्या, आमच्यातलीही एक तिच्यावर खेकसली. मी गजापाशी जाऊन विचारलं तेव्हा कळलं की घरी सासू आहे, तिला रोज रात्री आठला इन्सुलिन टोचायचं असतं, आणि ते फक्त हिलाच येतं. अटक कामावरून झाली होती, घरी सांगायलाही मिळालं नव्हतं. सकाळी मी अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं, त्यांनी शेजाऱ्यांना फोन लावून दिला. दुसऱ्या रात्री ती गाढ झोपली आणि अख्खी बराक झोपली.

आता कुणी म्हणेल, गुन्हेगारांचे कसले लाड करता. हे मी नातेवाइकांकडून, रिक्षावाल्यांकडून, लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत. त्यांचा निकाल लागायचाय. ज्यांचा लागला त्यांना शिक्षा कोर्टाने दिली आहे, मोजून दिली आहे. त्यात स्वतःच्या पदरची भर घालायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

आणि सुरक्षेचं म्हणाल तर तीही कानांवरच असते. आपलं ठाण्याचं कारागृह म्हणजे जुना किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती इथेच. त्याच किल्ल्यातून १८१६ साली पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून पळाले. असं सांगतात की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणायचा, आणि त्या गाण्यांतूनच पळून जायचा बेत त्यांना कळवत होता. पहारा गोऱ्यांचा. गाणं त्यांनाही ऐकू येत होतं, मराठी कळत नव्हतं. बराकीशी ज्याचं बोलणं नाही तो कितीही जागा राहिला तरी त्याचा पहारा तसाच. भांडण पेटणार आहे, मोबाइल आत आलाय, कुणाला तरी छळलं जातंय, हे झडतीत सापडण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी हळूच सांगतं. जिच्यावर विश्वास आहे तिलाच सांगतं.

माझी खरी तक्रार आहे ती हातांच्या संख्येबद्दल. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा असं म्हटलंय. ठाणे कारागृहाची क्षमता ११०५, आणि आत चार हजारांच्या पुढे माणसं असल्याच्या बातम्या आपण ठाणेकरांनी वाचल्यात. साठ बायकांना "जेवलीस का" विचारून प्रत्येकीपाशी अर्धा मिनिट थांबायचं तर अर्धा तास लागतो. तो अर्धा तास एकटीच्या ड्यूटीत कुठून काढायचा? मी काढायचे, आणि त्यापायी बोलणी खाल्ली. आमच्या पोरींवर ती वेळ येऊ नये. जागा भरा. प्रशिक्षणात कवायत, कायदा, शस्त्र सगळं हवंच, पण खचलेलं माणूस कसं ओळखायचं आणि त्याच्याशी काय बोलायचं हेही तितक्याच तास शिकवा. खात्याच्या नावात आपण 'सुधारसेवा' लिहिलंय ना.

कायदाही आता शिपायाच्या मदतीला आहे, तो पाठ करा. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ चे निर्देश आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायची तरतूद आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यात येत नाहीत, एकापेक्षा जास्त खटले असतील तरी अडतं. कागदावर ही जबाबदारी अधीक्षकांची. पण जामीनदार नाही म्हणून कोण अडकलंय, पाच महिने कुणाची मुलाखत आली नाही, हे आधी कळतं ते दारात उभ्या असलेल्या शिपायाला. कळलं की वर सांगायचं. विसरले गेले तर पुन्हा सांगायचं.

घरच्यांसाठीही एक सांगते. ड्यूटीवर मोबाइल बाहेर जमा असतो. माझ्या लेकाला ताप चढला तेव्हा मला सहा तासांनी कळलं. पोरगी घरी आल्यावर तासभर गप्प बसली तर बसू द्या, लगेच विचारू नका.

भाची पुढच्या महिन्यात प्रशिक्षणाला निघतेय. परवा रात्री तिने मला फोन करून विचारलं, "मावशी, ती साबणवाली बाई पुढे कुठे गेली?" सहा महिन्यांनी सुटली. जाताना म्हातारीला भेटली, माझ्याकडे बघून मान हलवली. पुढचं मला माहीत नाही.

ठाणे, कळवा, नवी मुंबईतली जी मुलं यंदा कारागृह शिपायाचा फॉर्म भरतायत त्यांनी रविवारी संध्याकाळी खुशाल माझ्याकडे यावं. गणित मला शिकवता येणार नाही. बराकीत पहिल्या रात्री काय ऐकू येतं ते सांगेन. समोरच्या काकूंनाही बोलावणार आहे.