सेकंड शिफ्ट सुटल्यावर पोरी घरी जाणार कशा?

आपल्या बेळगावात हायवेला लागून नवीन डिस्ट्रिब्युशन सेंटर, म्हणजे माल साठवून गावोगाव पाठवायचं मोठं गोडाऊन, होणार अशी बातमी आल्यापासून आमच्या ग्रुपवर दुसरा विषयच नाही. कोण म्हणतंय आता पोरांना पुण्याला जायला नको, कोण म्हणतंय सगळी भरती बाहेरनंच होणार बघा. मी सहा वर्षं पुण्याजवळ चाकणला असल्याच एका गोडाऊनात काढून गावाकडं परत आलोय, म्हणून मला काय वाटतं ते लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

सेंटर आलंच पाहिजे ह्या मताचा मी आहे, आणि ते आपल्याकडं येतंय त्याला कारण पण आहे. जीएसटी यायच्या आधी कंपन्या प्रत्येक राज्यात वेगळं गोडाऊन ठेवायच्या, कारण एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात माल विकला की दोन टक्के सेंट्रल सेल्स टॅक्स लागायचा आणि स्वतःच्याच गोडाऊनात माल हलवला तर तो लागायचा नाही. १ जुलै २०१७ नंतर ते कारणच गेलं, बॉर्डरवरचे टॅक्सचे चेकपोस्ट पण गेले. आता नकाशा काढून बघा, कोल्हापूर एका बाजूला, हुबळी दुसऱ्या बाजूला, दोन्ही शंभर-एकशेदहा किलोमीटर, खाली चोर्ला घाटातनं गोवा. तीन राज्यांना माल द्यायचा तर बेळगावसारखी जागा नाही. १९५६ पासून जी बॉर्डर आमच्या घराघरात बोलली जाते ती ट्रकला तरी आता आडवी येत नाही.

आणि मला ह्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बायकांचं काम. उद्यमबागेत फौंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, पण तिथं पोरं लागतात, बाईमाणसाला किती काम मिळतं सांगा. वडगाव-शहापूरकडं मागावर घर चालायचं ते दिवस कधीच गेले. आमच्या पश्चिम भागातल्या बायका काजू फॅक्टरीत जातात, टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडतात, कातडी निघते, माझ्या बहिणीचे हात बघितले की मला जेवण जात नाही. तिची पोरगी बीकॉम झाली आहे. परवा विचारत होती, "मामा, तिथं काम काय असतंय ओ? मला जमंल काय?"

जमंल की. ट्रक डॉकला लागला की बॉक्स उतरवून स्कॅन करायचे, रॅकला लावायचे. ऑर्डर आली की हातातली स्कॅनर गन सांगते कुठल्या रॅकचा कुठला खण, तिथनं वस्तू आणायची, पॅकिंग टेबलावर डबा भरून लेबल मारायचं, मग गावाप्रमाणं वेगळं करून गाडीत. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात आणि तासाचं टार्गेट असतं हे खरं, पण हातात शिस्त असलेल्या बायका ह्या कामात पुरुषांच्या पुढं जातात हे मी डोळ्यानं बघितलंय.

अडचण वेगळीच आहे. माल सकाळी कोल्हापूर-गोव्यात पोचायचा म्हणजे गाड्या रात्री सुटणार, त्यामुळं गोडाऊनात खरी गर्दी संध्याकाळी आणि रात्रीच असते, माणसं जास्त लागतात ती सेकंड शिफ्टला, दोन ते दहा. आता कुद्रेमनी, बेळगुंदी, राकसकोपकडच्या पोरीनं दहाला सुटून हायवेवरनं बेळगावच्या बसस्टँडला, सीबीटीला यायचं आणि तिथनं गावची बस पकडायची, पण त्या वेळेला बस कुठली? ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, चांगलीच गोष्ट आहे, माझ्या बहिणीचे महिन्याला केवढे पैसे वाचतात, पण रात्री गाडीच नसली तर फ्री तिकीट घेऊन काय करायचं.

चाकणला आमच्या पॅकिंगला आजूबाजूच्या खेड्यातल्या बायका होत्या, गावच्या फाट्यावरनं न्यायची आणि परत सोडायची कंपनीची बस होती म्हणून होत्या. एकदा पंधरा दिवस बसवाल्याचं बिल थकलं आणि बस बंद पडली, तर अर्ध्या टेबलांवर माणूस नाही. त्यातल्या कितीतरी परत आल्याच नाहीत कारण घरच्यांनी तोवर "बघितलं नव्हं, असलं काम असतंय" म्हणून सांगून टाकलं. बस नसली की पहिल्यांदा घरात कोण बसतं ते मला तिथं कळलं.

नियम झालाय बरं का. कर्नाटकात दुकानं-आस्थापना चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी देणारा आदेश जानेवारी २०२१ मध्ये निघाला, त्यात रात्री आठनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची लेखी संमती पाहिजे आणि शिफ्टच्या बायकांना जायची-यायची सोय मालकानं करायची असं होतं. पण मालक कोण? तिथंच घोळ होतो. पोरं कंत्राटदाराच्या रोलवर घेतात, मग बसचं विचारलं की कंपनी म्हणते कंत्राटदाराला विचारा आणि कंत्राटदार म्हणतो कंपनीला. माझा स्वतःचा आठ महिन्यांचा पीएफ कापला होता आणि भरला नव्हता, तेव्हा पण हीच उत्तरं मिळाली. म्हणून जॉइन होताना लेटरवर नाव कुणाचं आहे ते वाचा, आणि पीएफचं पासबुक दर महिन्याला मोबाईलवर बघा.

जमिनीचा प्रश्न पण मोठा आहे, हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी काय सोसलंय ते आपण विसरलो नाही, त्यावर वेगळं लिहीन.

आत्ता एवढंच करूया. भरती सुरू व्हायच्या आधी आपल्या आपल्या ग्रामपंचायतीनं ठराव करून मागायचं की सेकंड शिफ्टच्या बसचा रूट आणि थांबे भरतीच्या जाहिरातीतच छापा, आणि जाहिरात कन्नडबरोबर मराठीत पण काढा म्हणजे आमच्या आयाबहिणींना दुसऱ्याला विचारायला लागणार नाही. त्यासाठी मी गावांची यादी करतोय, गावाचं नाव, शेवटची बस किती वाजता, फाट्यापासून घर किती लांब आणि फाट्यावर लाइट आहे का. माझ्या बहिणीच्या गावची शेवटची बस साडेआठला, फाट्यापासून घर दीड किलोमीटर, लाइट नाही. तुमच्या गावचं सांगा.