लायसन्स? ते डेडस्टॉकला कसं चढवणार?

मुख्याध्यापक महोदय, आमदार निधीतून शाळेला पाच कॉम्प्युटर आले, अभिनंदन! नारळ फुटला, फोटो निघाले. आता त्यात विंडोज टाकायचंय, तेव्हा चुकूनही लायसन्स विकत घेऊ नका. लायसन्स म्हणजे 25 अक्षरांची की. तिला वजन नाही, रंग नाही, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीला, चढवणार कशी? ऑडिटवाले म्हणाले, ‘वस्तू दाखवा’, तर चिठ्ठी दाखवणार? त्यापेक्षा त्याच पैशांत पाण्याची टाकी घ्या. टाकी दिसते.

विंडोजसाठी एसटी स्टँडसमोरचा तो पोरगा आहेच. पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. आला की आधी अँटीव्हायरस बंद करतो, मग क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा जुगाड, चालवतो. दरोडा घालायचा तर आधी कुत्रा बांधावा, तसं. पावती हवी असेल तर ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ म्हणून देईल. शिक्का खिशातच असतो.

कायद्याला घाबरू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 63ब आहे खरं. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली, तर 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. वापर कमाईसाठी नसेल तर कोर्ट कैद टाळून 50 हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द नीट वाचा. तुम्ही जाणूच नका, म्हणजे झालं. (हा युक्तिवाद सातवीच्या वर्गात मात्र करू नका. पोरं कॉपी पकडल्यावर तोच ऐकवतील.)

खरा धोका कायदेशीर फुकट गोष्टींचा आहे. पत्रं-तक्ते करायला लिब्रेऑफिस फुकट, विंडोजच्या जागी चालणारं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) फुकट, भूमिती शिकवायला जिओजेब्राही फुकट. असल्या मोहात पडू नका. कारण उबुंटू टाकलंत की कुणीतरी शिकायला हवं, आणि जो शिकेल त्याला केंद्रप्रमुख ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ करणार. मग शनिवार गेला, रविवार गेला. केरळने सरकारी शाळांत लिनक्स आणलं, मल्याळमसकट, आणि शिकवायला शिक्षकच तयार केले. तिथल्या शिक्षकांना बहुधा यू-डायसची, म्हणजे सरकारला ऑनलाइन द्यायची शाळेची, माहिती भरावी लागत नसावी!

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, संपला म्हणून कुणी घाबरवेल. त्याला शांतपणे सांगा, आमच्या जुन्या दोन मशीनवर अजून विंडोज 7 आहे, आणि त्याचा सपोर्ट 2020 सालीच संपलाय. तरी दाखले छापून येतातच की. कधी प्रिंटर अडतो, कधी व्हायरसने पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसतात, पण ते नशिबाचे भोग.

राहता राहिला स्क्रीनचा उजवा खालचा कोपरा. लायसन्स नसलं की तिथे ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं पुसट उमटतं, आणि इंग्रजी वाचनाचा उपक्रम जोरात असल्यामुळे पोरं नेमकं तेच मोठ्याने वाचतात. त्यावर देणगीदारांच्या नावाचा स्टिकर चिकटवा. बरोबर मावतो.