दोन वाट्या आणि एक स्पिटफायर

मी घरात लढाऊ विमान बांधलं असं म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग आमच्या गॅलरीकडे बघतात. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: प्लॅस्टिकचं. एकास चोवीस मापाचं. दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या ब्रिटिश स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 11 मीटर 23 सेंटिमीटर, माझ्याचे 47 सेंटिमीटर. ऑर्डर दिली तेव्हा बायकोला मी "छोटंसं आहे" एवढंच सांगितलं होतं. कुरिअरवाल्याने खोका दोन्ही हातांनी पोटाशी धरून दारात आणला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, मिक्सर मागवलात की काय?"

या वेडाचं मूळ सहावीत आहे. मामाने एकास बहात्तरचं, तळहातावर मावणारं स्पिटफायर आणून दिलं होतं. ते मी एका दुपारी जोडलं आणि दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, मावळ्यांच्या पहाऱ्यात उभं केलं. शेजारी गवळण, वर सिंहासनावर महाराज, खाली ब्रिटिश लढाऊ विमान. वाड्यातल्या कुणी हरकत घेतली नाही. उलट "यंदाचा किल्ला सुरक्षित दिसतो" असा अभिप्राय मिळाला. एक्कावन्नाव्या वर्षी मला वाटलं, तोच आनंद आता तिप्पट मापात घ्यावा. माप तिप्पट झालं की कटकट किती पट होते, हे गणित सहावीला नव्हतं.

खोक्यात चारशेच्या वर सुटे भाग निघाले. करड्या प्लॅस्टिकच्या चौकटींना ते चिंचेच्या आकड्यांसारखे लटकलेले असतात. या चौकटींना जाणकार स्प्रू म्हणतात. सोबतच्या जाडजूड पुस्तिकेत वाक्य म्हणून नाही. नुसती चित्रं, बाण आणि आकडे. अबोला धरलेल्या माणसाने खुणेनं जेवण वाढायला सांगावं, तशी ती पुस्तिका आपल्याशी बोलते.

मी सुरुवात इंजिनापासून केली. जानेवारी होता, हवा छान होती, आणि रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन ही जीव लावावा अशीच चीज आहे. बारा सिलिंडर, 27 लिटर. मर्लिन हे नाव जादूगाराचं नव्हे, एका छोट्या शिकारी पक्ष्याचं. त्या कंपनीत इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावं द्यायची पद्धत होती. पुस्तिकेतल्या नळ्या मला कमी वाटल्या, म्हणून मुलाचा जुना इअरफोन सोलून त्यातली तांब्याची तार वापरली. मग भुवया कोरायच्या चिमट्याने ती एकेका सिलिंडरपाशी नेऊन चिकटवली. (चिमटा कुणाचा होता हा प्रश्न पुढे निघाला. तो इथे नको.) जोडलेले भाग वाळेपर्यंत दाबून धरायला कपड्यांचे चिमटे लागतात. त्यामुळे त्या महिन्यात आमच्या गॅलरीतून दोन टॉवेल आणि एक परकर खालच्यांच्या तुळशीवर उतरले.

मे उजाडला तेव्हा माझ्याकडे एक देखणं इंजिन होतं आणि विमान नव्हतं.

ही लाज वाटायची गोष्ट नाही, असं इतिहास सांगतो. या छंदात निम्मा वेळ वाचण्यात जातो, कारण वाचताना काही मोडत नाही. बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमिचला स्पिटफायरसाठी प्रचंड कारखाना उभारला होता. मोटारींच्या धंद्यात नाव काढलेल्या लॉर्ड नफिल्डकडे त्याचा कारभार होता आणि वायदा आठवड्याला 60 विमानांचा होता. 1940 चा मे आला, जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, तरी तिथून एकही विमान पूर्ण होऊन बाहेर पडलं नव्हतं. तेव्हा विमान उत्पादन खात्याचा नवा मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक याने कारखाना नफिल्डच्या हातून काढून घेतला आणि मूळच्या स्पिटफायरवाल्या कंपनीकडे, व्हिकर्स-सुपरमरीनकडे, सोपवला. पुढे त्याच कारखान्यातून 12,000 च्या वर स्पिटफायर निघाली. भरात असताना महिन्याला 300.

हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. बायको शाळेत पर्यवेक्षिका आहे. चाळीस शिक्षकांचं वेळापत्रक ती एका रविवारी बसवते. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे माणूस बदलल्यावर काम झालं?"

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. सोमवार: डावा पंख. मंगळवार: उजवा पंख. बुधवार: चाकं. शेवटच्या ओळीत लाल पेनाने: गणपतीपूर्वी टेबल रिकामं.

बीव्हरब्रुकची आणखी एक गोष्ट मी मुद्दाम तिला सांगितली. जुलै 1940 मध्ये त्याने ब्रिटनमधल्या गृहिणींना आवाहन केलं होतं: तुमची ॲल्युमिनियमची भांडी द्या, आम्ही त्यांची विमानं करतो. बायकांनी पातेली, किटल्या, तवे, काय काय नेऊन दिलं. मी तर फक्त दोन वाट्या मागत होतो. एक रंग कालवायला, एक पाण्याला.

"स्टीलच्या आहेत," ती म्हणाली. "विमान ॲल्युमिनियमचं होतं."

तरी वाट्या मिळाल्या. परत करायच्या अटीवर.

आता कॉकपिट. खऱ्या स्पिटफायरमधली खुर्ची बहुधा राळेत भिजवून दाबलेल्या कागदाची असायची, विटकरी-तपकिरी रंगाची. ती छटा नेमकी कोणती यावरून छंदिष्टांत भावकीतल्या जमिनीसारखी भांडणं आहेत. मी तीन हात दिले, पितळी पत्र्याचे बकल असलेले पट्टे ओवले, घड्याळांच्या तबकड्या लावल्या. त्या रात्री चाकं वर-खाली करायच्या दांड्याची मूठ चिमट्यातून सुटली. मूठ तिळाएवढी. टिक असा आवाज झाला आणि ती गेली.

मी जमिनीवर आडवा झालो. मुलाने मोबाइलचा दिवा धरला. सोफा सरकला, दिवाण सरकला, दोन हजार एकोणीस सालचं विजेचं बिल सापडलं. मूठ नाही. अकरा वाजता आई उठून आली. तिने विचारलं, "रंग कुठला?" मी म्हटलं, काळा. तिने केरसुणीने सबंध खोली हळूच एका बाजूला लोटून घेतली, तो केर तांदळाच्या परातीत घेतला, परात मांडीवर ठेवली आणि चष्मा वर केला. (जवळचं ती चष्म्याशिवाय बघते.) मग तिची तर्जनी चालायला लागली. केस बाजूला, मोहरी बाजूला, रांगोळीचे कण बाजूला. परात एकदा झटक्याने फिरवली, केर पुढे सरकला, मागे चार-पाच जड कण राहिले. त्यातला एक नखावर घेऊन तिने माझ्यापुढे धरला.

"हा घे तुझा खडा."

साठ वर्षं तांदूळ निवडलेल्या बोटापुढे ब्रिटिश हवाई दल ते काय. त्या रात्रीपासून आमच्या कारखान्यात तपासणी खातं आईकडे गेलं.

विमानाच्या धडाचे दोन अर्धे चिकटवले, त्या दिवशी मला या छंदाचं खरं स्वरूप कळलं. दीड महिना खपून केलेली खुर्ची, पट्टे, तबकड्या आणि ती मूठ, सगळं आत गेलं. आता टॉर्च लावून, एक डोळा मिटून, मान तिरकी केली तर पट्ट्याचं एक टोक दिसतं. पाहुणे आले की मी त्यांना तसं बघायला लावतो. ते घसा तपासणाऱ्या डॉक्टरसारखे वाकतात आणि "हो हो, दिसलं" म्हणतात. खोटं बोलतात.

गणपती आले. टेबल अर्थातच रिकामं नव्हतं, आणि त्याच टेबलावर मखर बसतं. पण इतिहास इथेही धावून आला. सप्टेंबर 1940 मध्ये साउथॅम्प्टनचा सुपरमरीनचा कारखाना जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त केला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा एका जागी उभा केला नाही. काम आसपासच्या गावांत पांगवलं. मोटार गॅरेज, बस डेपो, धोबीखाने, जिथे छप्पर मिळेल तिथे. पंख एका गावात, धड दुसऱ्या गावात. आमच्याकडेही सप्टेंबरच होता. पंख माळ्यावर हिवाळी गाद्यांत गेले, धड कपाटावर, इंजिन चपलांच्या स्टँडच्या वरच्या खणात, आणि पंखा देवघराखालच्या कप्प्यात. अनंत चतुर्दशीनंतर सगळं गोळा केलं तेव्हा पंख्याचं एक पातं उदबत्तीच्या पुड्यात निघालं. मोगरा. अजून वास येतो.

रंगाचं प्रकरण पावसात आलं. दमट हवेत लॅकर मारलं की त्यावर पांढुरकी साय धरते, हे मला साय धरल्यावर कळलं. वरच्या बाजूला गडद हिरवा आणि समुद्री करडा असे पट्टे असतात. 1941 मध्ये हा करडा रंग नवीन आला तेव्हा त्याचा तुटवडा होता. मग फिका करडा सात भाग आणि काळा एक भाग असं मिसळून भागवायचे. मीही खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून सातास एक कालवलं. बायकोने वाटीत डोकावून म्हटलं, "हा आपल्या सोसायटीच्या जिन्याचा रंग आहे." दुर्दैवाने बरोबर होतं.

नाकावरचं झाकण मात्र बसेना. इअरफोनच्या तारा आड येत होत्या. जास्तीच्या नळ्या घालताना ही शक्यता मनात आली नव्हती असं नाही. आली होती, मी तिला बसायला सांगितलं नव्हतं. पॉलिश पेपरने झाकण आतून घासून पातळ केलं. इतकं पातळ की त्यातून प्रकाश दिसू लागला, आणि ते मधोमध तडकलं. तेव्हा ठरवलं की झाकण काढून बाजूला ठेवायचं, म्हणजे मेकॅनिक इंजिन दुरुस्त करतायत असं वाटेल. बहुतेक घरांतली स्पिटफायर दुरुस्तीला का उभी असतात, ते तेव्हा उमगलं.

एवढ्याने भागलं नाही. वैमानिकाच्या डोक्यावरची काच मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली. या गोंदाची वाफ काचेवर बसून काच आंधळी होते. सकाळी पाहिलं तर मोतीबिंदू. म्हणजे आता टॉर्च लावूनही पट्ट्याचं टोक दिसत नाही. ती काच मी मागे सरकवलेली ठेवली आहे आणि पाहुण्यांना बाजूने वाकायला सांगतो.

खुणा कोणत्या लावायच्या याबद्दल मात्र माझ्या मनात कधी शंका नव्हती. ब्रिटिश हवाई दलाच्या 132 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं, नावच 'सिटी ऑफ बॉम्बे' होतं. 1944 मध्ये ती नॉर्मंडीच्या आकाशात स्पिटफायर उडवत होती आणि तिच्या विमानांवर 'एफएफ' ही अक्षरं असत. डेकल म्हणजे कागदावर छापून आलेली, विमानावर चिकटवायची खूण. ते कोमट पाण्यात सोडायचं, कागदावरून सुटलं की ओल्या कुंचल्याने सरकवत जागेवर न्यायचं. दुसरी वाटी यासाठीच. दुसरं 'एफ' जागेवर नेताना दुमडलं, ते उलगडायला पाऊण तास लागला. त्या वेळात मी श्वास किती वेळा घेतला ते बोटांवर मोजता येईल.

मुलगा म्हणाला, "एफएफ म्हणजे फास्ट फूड?"

"मुंबई," मी म्हणालो. तो डोंबिवलीचा. त्याला काही वाटलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या रात्री शेवटचा हात दिला आणि विमान टेबलावर वाळत ठेवून झोपलो. सकाळी उठलो तर घरातली शस्त्रं पुजलेली. पाटावर विळी, अडकित्ता, पक्कड, मुलाचा लॅपटॉप, आणि मध्यभागी स्पिटफायर. पंखांतल्या दोन्ही तोफांना हळदकुंकू, नाकाच्या टोकावर झेंडूचं फूल, आणि समुद्री करड्यावर आईच्या बोटाचा ठसा. हळदीचा, ओला, रेषान्‌रेषा उमटलेला. वार्निश अजून सुकलेलं नव्हतं. आता तो निघत नाही.

"तुझं हत्यार म्हणून आधी याचीच केली," आई म्हणाली. मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी दसरा. पानं वाढली, पुऱ्या आल्या, आणि बायको श्रीखंडाचं भांडं घेऊन माझ्यापाशी थांबली.

"दोन वाट्या कमी पडतायत."

मी उठून आतून आणल्या. तिने त्या उजेडात तिरक्या धरून पाहिल्या. एकीच्या कडेला बारीक करडी रेघ होती, सातास एक. तिने ती वाटी माझ्या पानात ठेवली.