मराठी की फ्रेंच, असा रकानाच का?

काल संध्याकाळी सुहास कट्ट्यावर आला तो गप्पच. चहा आला, निम्मा गार झाला, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं.

"मुक्ता फ्रेंच घेऊन बीए करायचं म्हणतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावीलाही मराठीच होतं. फ्रेंचचा एक शब्द येत नाही पोरीला. काय करू?"

"येत नाही म्हणूनच शिकायला जाते ना?" बंड्या म्हणाला. मग जरा थांबून, "पण खरं सांगू का, तीन वर्षं घालवण्यासारखं त्यात आहे काय आता? माझ्या गॅरेजमध्ये परवा एक परदेशी पाहुणा आला होता. तो फोनमध्ये बोलला, फोन मराठीत बोलला. काम झालं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षं मी फ्रेंच शिकवतोय, त्यामुळे हा विषय निघाला की उत्तर माझ्याकडूनच अपेक्षित असतं. पण माझ्याआधी अण्णा बोलले. अण्णांनी आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवलं. ते सहसा आवाज चढवत नाहीत, काल चढवला.

"अकरावीच्या फॉर्मवर दुसऱ्या भाषेचा रकाना असतो. मराठी किंवा हिंदी किंवा संस्कृत किंवा फ्रेंच किंवा जर्मन. फ्रेंचला मार्क पडतात म्हणून पोरं तिकडे जायची. मोजके धडे, ठरलेली पत्रं, पाठ केलेले निबंध. बारावी झाली की सगळं विसरून मोकळी. फ्रेंच गेलीच, मराठीही गेली. शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात दोन बाक भरायचे, सुहास. दोन. आणि आता तू म्हणतोस, मराठीतून शिकलेली ही एक पोरगी, तीही तिकडेच."

यावर लगेच काही बोलवेना. अण्णांचं दुःख खरं आहे. मार्कांसाठी घेतलेली फ्रेंच मीही दर वर्षी बघतो. नव्वदच्या वर गुण मिळवून आलेल्या मुलाला 'काल तू काय केलंस' एवढं विचारलं तरी तो छताकडे बघायला लागतो. त्यात मुलाचा दोष नाही, त्याला कुणी भाषा शिकवलीच नव्हती.

"अण्णा, तुमचा राग रकान्यावर असेल तर मी तुमच्या बाजूला आहे," मी म्हणालो. "तो 'किंवा' चुकीचा आहे. मराठी असेल तर फ्रेंच जास्त चांगली येते, हे मला माझ्या कॉलेजात कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं होतं, आधी इंग्रजी सुधार, मग फ्रेंचकडे बघ. व्याकरण इंग्रजीतून, शब्दांचे अर्थ इंग्रजीतून. पहिलं वर्षभर मी शेवटच्या बाकावर बसून समजत होतो की ही भाषा इंग्रजी शाळेतल्या मुलांची आहे."

"मग?"

"मग एका वाक्यानं डोळे उघडले."

सुहासकडे कॉलेजचं माहितीपत्रक होतं. त्याच्या पाठीवर मी दोन ओळी लिहिल्या, देवनागरीत. 'ल लीव्र क झे एक्री.' 'ला लेत्र क झे एक्रीत.' पहिलीचा अर्थ मी लिहिलेलं पुस्तक, दुसरीचा मी लिहिलेली चिठ्ठी. फ्रेंचमध्ये पुस्तक पुल्लिंगी, चिठ्ठी स्त्रीलिंगी. चिठ्ठी आली की 'एक्री'चं 'एक्रीत' होतं. लिहिणारा तोच, पण क्रियापद बघतं काय लिहिलंय त्याकडे.

"इंग्रजीत या दोन्ही वाक्यांत 'लिहिलेलं'चा शब्द एकच. तसूभर बदलत नाही. म्हणून इंग्रजीतून विचार करणारं पोरगं हा नियम घोकतं आणि परीक्षेत हटकून चुकतं. आता अण्णा, तुम्ही सांगा, मराठीत?"

अण्णांनी कागद हातात घेतला. "मी लिहिलेला निबंध. मी लिहिलेली चिठ्ठी. मी लिहिलेलं पत्र." मग हळूच म्हणाले, "रामाने आंबा खाल्ला, सीतेने पोळी खाल्ली. कर्मणी."

"बरोबर कर्मणीसारखं. फ्रेंचमध्ये ते कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच होतं, आपल्याकडे सर्रास होतं. पण कर्माप्रमाणे क्रियापदानं वळायचं ही गोष्ट मुक्ता तीन वर्षांची असल्यापासून करतेय. तिला फक्त एवढं सांगायला हवं की हे तुझ्याकडे आहे."

आणखी एक सांगितलं. 'तू यावंस' यातलं 'यावंस'. 'तू येतोस' वेगळं, 'यावंस' वेगळं, त्यात अजून घडलेलं नाही पण हवं आहे असा भाव आहे. फ्रेंचमध्येही 'इल फो क' म्हटलं, म्हणजे अमुक व्हायला हवं असं म्हटलं, की पुढे क्रियापदाचं रूपच बदलतं. 'त्यु व्हिआँ'चं 'त्यु व्हिएन' होतं. मुलं याला घाबरतात. मी आता वर्गात पहिल्यांदा 'यावंस, करावंस, बसावंस' असं फळ्यावर लिहितो, निम्मी भीती तिथंच जाते.

बंड्याला व्याकरणात रस नव्हता, पण आकड्यांत निघाला. त्याला सांगितलं की पॅरिसमध्ये ऐंशी म्हणायचं तर 'कात्र-व्हँ' म्हणतात, चार वीस. पंच्याऐंशी म्हणजे चार वीस पाच. तो उडालाच.

"आमची आजी! चार इसा न् पाच! आठवड्याच्या बाजारात शेरडांचा हिशेब ती असाच करायची. शाळेत गेलो तेव्हा मास्तरांनी सांगितलं, हे अडाणी मोजणं आहे."

"पॅरिसमध्ये एक जुनं डोळ्यांचं रुग्णालय आहे, 'कँझ-व्हँ' नावाचं. नवव्या लुईनं तेराव्या शतकात तीनशे आंधळ्यांसाठी स्थापलं. नावाचा अर्थ पंधरा विसा. अजून तेच नाव आहे."

बंड्या बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटतं तो आजीकडे पोचला होता.

मेधा आतापर्यंत ऐकत होती. ती ज्या कंपनीत आहे तिथं फ्रान्स आणि बेल्जियमच्या ग्राहकांची पत्रं येतात. ती म्हणाली, "व्याकरणाचं राहू दे, मी कामाचं सांगते. आमच्याकडे फ्रेंचच्या बी-टू या बऱ्यापैकी वरच्या पातळीचं प्रमाणपत्र घेऊन मुलं येतात. बोलतात छान. पण तक्रारीला उत्तर लिहायला सांगितलं की शेवटी 'मेर्सी', म्हणजे नुसतं 'आभार', लिहून सही करतात. तिकडच्या औपचारिक पत्राचा शेवट ओळभर लांब असतो, 'माझ्या आदरपूर्वक अभिवादनाचा कृपया स्वीकार व्हावा' अशा थाटाचा. तो चुकला की समोरच्याला वाटतं, यांना रीत माहीत नाही. फोन वाक्य देतो रे, पण कुणाला 'व्हू' म्हणजे तुम्ही म्हणायचं, कुणाला 'त्यु' म्हणजे तू आणि कधीपासून, हे माणसालाच कळावं लागतं."

"कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष," अण्णा म्हणाले. आम्ही हसलो, पण त्यांनी ते गंभीरपणे म्हटलं होतं. "वडिलांना एक मायना, मित्राला वेगळा. आम्ही शिकवायचो हे. आता अभ्यासक्रमातून गेलं."

सुहासचा प्रश्न मात्र तसाच होता. पैसे, नोकरी. आणि ते टाळणं मला बरं वाटत नाही. त्याला सरळ सांगितलं. शून्यापासून सुरू करून तीन वर्षांत बी-टू गाठता येते, पण नुसत्या तासांना बसून नाही, रोज ऐकून, वाचून, बोलून. बी-टू म्हणजे सहा पायऱ्यांतली चौथी, फ्रान्समध्ये फ्रेंचमधून पदवी शिकायला साधारण तेवढी मागतात. बी-टूपर्यंत दर पायरीची परीक्षा शंभर गुणांची, पन्नासला उत्तीर्ण, आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत पंचवीसपैकी किमान पाच हवेतच. कॅनडात स्थायिक व्हायच्या गुणतक्त्यात फ्रेंचला जादा गुण आहेत, म्हणून आज खासगी क्लास भरलेत. भाषांतर, शिकवणं, कंपन्या, सगळीकडे काम आहे, पण पदवीचा कागद हातात आला की दारात कुणी उभं राहत नाही.

"मग खासगी क्लासच लावतो की," सुहास म्हणाला. "कॉलेजची तीन वर्षं कशाला?"

हाच प्रश्न मला हवा होता.

"क्लासमध्ये तिला भाषा मिळेल. कॉलेजात तिसऱ्या वर्षी एमे सेझेर भेटतो. कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटाचा काळा कवी. 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये तो आणि सेनेगलचा सेंघोर विद्यार्थी होते. काळ्या माणसाला शिवी म्हणून जो शब्द वापरत, तोच त्यांनी उचलला आणि त्यातून 'नेग्रित्यूद' हा शब्द घडवला, स्वतःच्या अभिमानाचा. 1939 मध्ये सेझेरची मायभूमीला परतण्यावरची दीर्घ कविता पहिल्यांदा छापून आली. मी ती बावीसाव्या वर्षी वाचली आणि मला आमच्या वस्तीतल्या कवींचे आवाज ऐकू आले. तेव्हा कळलं, ही भाषा एकट्या पॅरिसची नाही. आज फ्रेंच बोलणारे सर्वांत जास्त आफ्रिकेत आहेत. मॉरिशसमध्ये तर मराठी आडनावांची माणसं घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतात आणि गणपती बसवतात."

अण्णांनी मान वर केली. "आणि आपलं तिकडे कुणी वाचतं का?"

"दया पवारांचं 'बलुतं' 1990 मध्ये फ्रेंचमध्ये आलं. गी प्वातव्हँ यांनी केलं. जन्मानं फ्रेंच, पण पुण्याचेच झाले. हेमा राईरकरांबरोबर त्यांनी मावळातल्या आणि आणखी कुठकुठल्या खेड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1920 मध्ये, झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषा कशी घडली यावरचा ग्रंथ फ्रेंचमध्ये छापला."

"ब्लॉक!" अण्णा म्हणाले. "वासुदेव गोपाळ परांजप्यांचा अनुवाद. एमएला होता मला."

"तोच. अण्णा, तुमच्या विषयाच्या पायाच्या दगडांपैकी एक फ्रेंचमध्ये आहे. आता उलटं बघा. 'संशयकल्लोळ'चं मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या 1660 च्या नाटकात. पण देवलांपर्यंत ते आलं इंग्रजीत लिहिणाऱ्या मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराकडून. तेव्हा दुसरी वाट नव्हती. देवलांनी त्याचं सोनं केलं. पण आज शंभर वर्षांनी मुक्ताला मोलिएर थेट वाचता येईल, आणि तिच्या जिभेवर देवलांची मराठीही असेल. अशी माणसं मला वर्गात हवी आहेत, अण्णा. फ्रेंच चांगली येणारी पुष्कळ मिळतात. भाषांतर करायला बसलं की मराठी कमी पडते."

चहावाल्यानं ग्लास उचलले. दिवे लागले होते. सुहासनं माहितीपत्रकाची घडी घातली, पाठीवरच्या दोन ओळी वर येतील अशी.

"रविवारी पाठवू का तिला तुझ्याकडे? प्रवेशाच्या आधी जरा कळेल तिला. काय आणू दे बरोबर?"

"वही. आणि घरात मराठी व्याकरणाचं पुस्तक असेल तर ते."

"घरात कुठलं आता," सुहास म्हणाला.

"दामल्यांचं आहे माझ्याकडे," अण्णा म्हणाले. "किती वाजता येऊ?"