हिराकस टाकून मासळी वाढत नाही, मामा

‘समुद्रात हिराकस टाका, पंधरा दिवसांत मासळी दसपट! हवेतला कार्बनही गायब! सरकार हे दडवतंय!’ हा मेसेज दोन महिने फिरतोय. मी वाचून सोडून दिला होता. परवा कळलं, मालवणला आमच्या मामांनी आणि आणखी चार होडीवाल्यांनी पोती आणायला वर्गणी काढली आहे. आता गप्प बसवत नाही.

हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. लोखंड मिळालं की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतात, एवढं मेसेजमधलं खरं आहे. पण कुठे? जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली ती मुख्यतः अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरासाठी. तिथे नायट्रेट, म्हणजे प्लवकांचं खत, भरपूर, पण जमीन दूर, धूळ पोचत नाही, म्हणून लोखंडाचा तुटवडा. आपल्याकडे? मामा, पावसाळ्यात खाडीचं पाणी लाल का होतं? जांभ्याची माती वाहून येते म्हणून. तो लाल रंग लोखंडाचाच. शिवाय अरबस्तानातून धूळ उडून येते ती वेगळीच. जिथे दरवर्षी डोंगर धुऊन लोखंड येतं, तिथे पाच पोती टाकून काय होणार?

बरं, जिथे तुटवडा आहे तिथे तरी मासळी वाढली का? हा प्रयोग आपल्याच लोकांनी केलाय. २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात ‘लोहाफेक्स’ केला. नावातच लोह आहे. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन विरघळलेलं लोखंड सोडलं. दोन आठवड्यांत वनस्पतिप्लवक दुप्पट झाले आणि तिथेच थांबले. कोपेपॉड नावाच्या बारीक प्राणिप्लवकांनी ते फस्त केले, कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या कवचधारी जीवांनी खाल्लं. ज्यांच्या सिलिकाच्या जड कवचामुळे शोषलेला कार्बन तळाशी जातो ते डायटम नावाचे वनस्पतिप्लवक वाढलेच नाहीत, कारण पाण्यात सिलिका उरली नव्हती. कार्बन तळाशी गेला तो नगण्य. दसपट मासळी तर कुठेच नाही. आणि हे सगळं शास्त्रज्ञांनी स्वतःच जाहीर केलं. दडवलं कुणी?

मला खरी भीती वेगळीच आहे. समजा, तुमच्या पोत्यांनी खरंच प्लवक माजले. ते मरून तळाशी कुजणार, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाणार. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस तळाचं पाणी आधीच प्राणवायूविना असतं. खालचं थंड पाणी वर सरकतं, त्यावर पावसाचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, हवा खाली पोचत नाही. २००० साली याच गोव्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की अशा वेळी तळाशी सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि नायट्रस ऑक्साइडही सुटतो. हा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटीहून जास्त तापवणारा. म्हणजे मासळी गुदमरणार आणि हवाही तापणार. ज्यांचं पोट तळाच्या कोळंबीवर आहे त्यांनीच हे करायचं?

मेसेजच्या शेवटी ‘७० टक्के ऑक्सिजन समुद्र देतो’ आहे. प्रकाशसंश्लेषणात समुद्राचा वाटा साधारण निम्मा, आणि तयार झालेला बहुतेक ऑक्सिजन समुद्रातच वापरला जातो. हिराकसाशी त्याचा संबंध नाही.

मामा, पोती अजून दुकानातच आहेत असं मामी म्हणाली. उचलू नका, वर्गणी ज्याची त्याला परत द्या. बाकीचे ऐकत नसतील तर मी रविवारी येते, त्यांच्याशी बोलते.