‘एकही साइड इफेक्ट नाही’, पण विचारलं कुणी होतं?

प्रीबायोटिक पावडरींची भलामण करणारा एक मजकूर गेले काही महिने ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मला तो तिघांकडून आला. थोडक्यात सांगायचं तर तो असा : “प्रीबायोटिक म्हणजे औषध नव्हे, साधं फायबर. नैसर्गिक असल्याने शंभर टक्के सुरक्षित. शेकडो चाचण्या झाल्या, एकही साइड इफेक्ट आढळला नाही. सुरुवातीला पोट फुगलं तर घाबरू नका, वाईट जंतू मरत असल्याची ती खूण आहे. उलट मात्रा वाढवा. विकायला परवानगी आहे म्हणजे तपासणी झालेलीच असणार. कुणीही घ्यावं, कितीही दिवस घ्यावं.”

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. म्हणूनच बाकीची पचून जातात. एकेक घेऊ.

“औषध नव्हे, साधं फायबर.”

प्रीबायोटिक हा शब्द १९९५ साली ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या दोन संशोधकांनी रूढ केला. २०१७ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याची व्याख्या नव्याने मांडली. आपल्या शरीरात राहणारे जिवाणू जो पदार्थ निवडून वापरतात आणि त्यातून आपल्या प्रकृतीला फायदा होतो, तो प्रीबायोटिक. म्हणजे सगळंच फायबर यात बसत नाही, आणि जे बसतं ते सगळं सारखं नसतं. इन्युलिन (याचा इन्सुलिनशी काही संबंध नाही, नावं तेवढी जुळतात), फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, लॅक्टुलोज ही त्यातली नेहमी भेटणारी नावं.

आता लॅक्टुलोज बघा. बद्धकोष्ठतेवर डॉक्टर जे गोड, दाट सिरप लिहून देतात ते हेच. यकृताच्या आजारात रुग्णाची शुद्ध हरपायला लागते तेव्हाही ते देतात. त्याच्या माहितीपत्रकात गॅस, पोटदुखी आणि पातळ शौच यांचा उल्लेख असतो, आणि मात्रा जास्त झाली तर शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात अशी ताकीदही असते. एकाच कुळातला एक पदार्थ औषधाच्या बाटलीत गेला की त्याला दुष्परिणाम असतात आणि दुसरा पावडरीच्या डब्यात गेला की नसतात, असं पोट तरी मानत नाही.

“नैसर्गिक असल्याने सुरक्षित.”

इन्युलिन चिकोरीच्या मुळापासून काढतात. कांदा, लसूण, गहू यांतही ते कमीअधिक असतं. पण अन्नातून ते दिवसभरात थोडं थोडं, बाकीच्या घटकांत मिसळून पोटात जातं. पावडरीतून तेच शुद्ध स्वरूपात, एका घोटात जातं. फरक पडतो तो इथे. शिवाय हे पदार्थ म्हणजे साखरेच्या रेणूंच्या साखळ्या; साखळी जितकी आखूड तितकी जिवाणू ती लवकर आंबवतात, त्यामुळे एकाच कुळातल्या दोन पावडरींचा त्रास वेगळा असू शकतो.

राहिली ॲलर्जी. ती फार विरळा आहे, पण नोंदलेली आहे. इन्युलिनमुळे जीवघेणी ॲलर्जी झालेल्या एका रुग्णाची हकीकत २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली होती. २०१२ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड घातलेल्या दुधाच्या भुकटीमुळे आलेल्या अशाच तीव्र ॲलर्जीची माहिती प्रसिद्ध केली. यावरून कुणी धसका घ्यावा असं नाही. पण ‘शंभर टक्के’ या शब्दांना एक रुग्णसुद्धा पुरतो.

“शेकडो चाचण्या झाल्या, एकही साइड इफेक्ट आढळला नाही.”

सगळ्या मजकुराचा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

चाचण्या शेकडो झाल्या हे खरंच. प्रश्न असा की त्यांत अपाय शोधला गेला का. २०१८ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात एक आढावा आला. प्रीबायोटिक, प्रोबायोटिक (म्हणजे खुद्द जिवंत उपयोगी जिवाणू) आणि दोन्हींची मिश्रणं यांच्या ३८४ चाचण्यांचे निबंध संशोधकांनी तपासले. लाभ किती झाला हे त्यांना बघायचं नव्हतं. अपायांबद्दल काय लिहिलंय एवढंच बघायचं होतं. १०६ निबंधांत, म्हणजे २८ टक्क्यांत, अपायाबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि कोणत्या गटात किती गंभीर घटना घडल्या याचा आकडा ३०९ निबंधांत, म्हणजे दर पाचांतल्या चारांत, दिलेलाच नव्हता. ज्यांनी काही लिहिलं त्यांतल्याही बऱ्याच जणांनी ‘सर्वांना नीट सोसलं’ अशा धर्तीच्या एका ओळीवर भागवलं.

हा आढावा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ‘२८ टक्के’ दोनदा वाचलं. माणसांवर केलेल्या चाचणीत ‘काही त्रास झाला का हो?’ हा प्रश्न सुटतोच कसा? पण सुटतो. संशोधकाचं लक्ष फायद्याकडे असतं, पदार्थ अन्नातला असल्याने निरुपद्रवी असं सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं, आणि निबंधाला शब्दांची मर्यादा असते. मग कात्री पहिली याच परिच्छेदावर चालते.

विचारण्याच्या पद्धतीनेही उत्तर बदलतं. ‘काही सांगायचंय का?’ असं मोघम विचारलं तर लोक गॅसबद्दल बोलत नाहीत, संकोच वाटतो. रोजची वही दिली, पोट फुगणं, मुरडा, वायू सरणं, शौचाची वारंवारता अशा प्रत्येक रकान्यात शून्य ते तीन गुण भरायला सांगितले, की तेच लोक भरभरून लिहितात. म्हणून चाचणीचा निबंध हातात आला की मी निष्कर्षाआधी त्रास कसा नोंदवला ते बघते, आणि लगोलग अर्ध्यावर कितीजण सोडून गेले व ते कोणत्या गटातले होते ते बघते. सोडून जाणारे बहुतेकदा कारण सांगत नाहीत. पण एकाच गटातून जास्त गेले असतील तर ते न बोलताही बरंच सांगून जातात.

आणि समजा नीट विचारलं, ६० जणांना विचारलं, आणि एकालाही गंभीर त्रास झाला नाही. मग सुरक्षित? संख्याशास्त्रात यासाठी एक साधा ठोकताळा आहे : शून्य घटना दिसल्या तर ३ ला माणसांच्या संख्येने भागा. ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. अशा चाचणीवरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की गंभीर त्रासाचं प्रमाण २० जणांत १ पेक्षा जास्त नसावं. हजारात एकाला होणारा त्रास नाही असं म्हणायचं तर तीनेक हजार माणसं लागतात. प्रीबायोटिकच्या बहुतेक चाचण्या काही डझन माणसांच्या आणि काही आठवड्यांच्या असतात. डबा मात्र लोक वर्षानुवर्षं रिचवतात.

आणखी एक खुबी. या चाचण्यांत प्लासिबो म्हणून, म्हणजे तुलनेसाठी दिलेली दिसायला तशीच नकली पावडर म्हणून, बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन हे पिठूळ कर्बोदक देतात. ते लहान आतड्यातच पचून जातं, त्याने गॅस होत नाही. खरी पावडर घेणाऱ्याचं पोट तिसऱ्या दिवशी गुरगुरायला लागतं आणि आपल्याला काय मिळालंय ते त्याला उमगतं. कागदावर चाचणी ‘आंधळी’ असते, पोटाला मात्र सगळं दिसत असतं.

“पोट फुगलं म्हणजे वाईट जंतू मरताहेत.”

हे साफ उलटं आहे. इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही, तसंच मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे जिवाणू ते आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रॉपिओनेट, ब्युटिरेट ही उपयोगी आम्लं तयार होतात आणि सोबत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. म्हणजे फुगवटा हा मेलेल्या जंतूंचा नसून जिवंत जिवाणूंच्या पंगतीचा असतो. त्यात आखूड साखळ्यांचे रेणू आतड्यात पाणी ओढून घेतात, म्हणून काहींना पातळ होतं.

थोडा गॅस होणं हे बिघाडाचं लक्षण नाही, तेही सांगायला हवं. पण ‘शुद्धीकरण चालू आहे’ या समजुतीत माणूस थांबायला हवं तिथे थांबत नाही, हा तिचा खरा धोका आहे. सगळ्यांची पोटं सारखी सोसत नाहीत. २०१७ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी इरिटेबल बॉवेलचे (वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी असणाऱ्या आजाराचे) रुग्ण आणि धडधाकट माणसं अशा दोघांनाही इन्युलिन पाजून एमआरआयवर त्यांची आतडी पाहिली. गॅस दोघांच्याही पोटात जवळपास सारखाच झाला, कळा मात्र रुग्णांना जास्त आल्या. त्यांचं आतडं ताण सहन करण्यात हळवं असतं. त्यामुळे ‘मला तर काही झालं नाही’ हा शेजारच्याचा दाखला अशा माणसाच्या कामाचा नाही.

गंमत म्हणजे या विषयात दोन गिब्सन आहेत. ग्लेन गिब्सन यांनी ज्या रेणूंना प्रीबायोटिक म्हणून मान मिळवून दिला, त्यातलेच कित्येक रेणू ऑस्ट्रेलियातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ साली ‘फोडमॅप’ या यादीत घातले. इरिटेबल बॉवेलच्या रुग्णांनी तूर्त कमी करून बघावेत अशा पदार्थांची ती यादी. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न कुणाच्या पोटाचा चाललाय त्यावर सगळं ठरतं.

“मात्रा वाढवा.”

२०१० साली धडधाकट प्रौढांवर झालेल्या एका चाचणीत साधं इन्युलिन दिवसाला १० ग्रॅमपर्यंत आणि आखूड साखळ्यांचं ५ ग्रॅमपर्यंत बरं सोसलं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली शौच नियमित होण्याचा दावा मान्य केला तो चिकोरीच्या इन्युलिनला, दिवसाला १२ ग्रॅम या मात्रेसाठी. फायदा ठरावीक पदार्थाच्या ठरावीक मात्रेशी बांधलेला आहे, ‘जितकं जास्त तितकं छान’ असा जिना तिथे नाही. २०२२ साली स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात १८ जणांना फायबर आठवड्यागणिक वाढवत १०, २० आणि ३० ग्रॅम दिलं. लांब साखळीच्या इन्युलिनच्या सर्वांत मोठ्या मात्रेला काही जणांच्या रक्तात दाह दाखवणारे घटक आणि यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एएलटी हे एन्झाइम वाढलेलं दिसलं. माणसं मोजकीच होती, त्यामुळे शेवटचा शब्द नाही. पण पोटाचं ऐकू येतं आणि यकृताचं ऐकू येत नाही, म्हणून रक्ततपासणी चाचणीत असावी हे यातून दिसतं.

याच धाग्यावरून एक उलटा मजकूरही फिरतो : ‘इन्युलिनने यकृताचा कर्करोग होतो’. तो २०१८ सालच्या उंदरांवरच्या प्रयोगावरून उचललाय. जनुकीय दोष असलेले, आधीच जिवाणूंची घडी बिघडलेले उंदीर आणि त्यांना शुद्ध इन्युलिन मिसळलेलं प्रयोगशाळेतलं खाद्य, अशी ती परिस्थिती होती. संशोधकांना धोक्याची एक वाट दिसली, आणि ती माणसात तपासावी इतकाच त्याचा अर्थ. त्यावरून डबे फेकून देणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

“परवानगी आहे म्हणजे तपासणी झालीच.”

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात येण्याआधी औषधासारखी मंजुरी लागत नाही. सुरक्षिततेची जबाबदारी उत्पादकाची. युरोपात १५ मे १९९७ पूर्वी जो पदार्थ लोक बऱ्यापैकी खात होते त्याला ‘नवं अन्न’ म्हणून वेगळी मंजुरी घ्यावी लागत नाही. दोन्ही नियमांमागे तर्क आहे, पण ‘सरकारने तपासून शिक्का मारला’ असा अर्थ एकाचाही होत नाही.

“कुणीही घ्यावं.”

क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा) आजार बळावलेल्या १०३ रुग्णांवर लंडनच्या संशोधकांनी केलेली चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. रोज १५ ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, चार आठवडे. फायदा दिसला नाही, आणि प्रीबायोटिक गटातले २६ टक्के लोक मधेच बाहेर पडले; प्लासिबो गटातले ८ टक्के. सोडून जाणारे न बोलताही बरंच सांगतात असं मी म्हणाले होते ना, ते हे. याशिवाय जन्मजात फ्रुक्टोज न सोसणाऱ्यांनी इन्युलिनच्या आणि गॅलॅक्टोसेमिया (गॅलॅक्टोज ही साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात दोष) असणाऱ्यांनी लॅक्टुलोजच्या वाटेला जाऊ नये.

आतड्याचा आजार नसलेल्या प्रौढाने तीनेक ग्रॅमपासून सुरुवात केली, आठवड्याने थोडं वाढवलं, त्याच आठवड्यात दुसरं काही नवं सुरू केलं नाही, तर बहुतेकांना थोड्या गॅसपलीकडे काही होत नाही, आणि बद्धकोष्ठता असलेल्यांना खरंच बरं वाटू शकतं. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल तर आधी डॉक्टर, पावडरीचं नंतर बघू.

मजकूर पाठवणाऱ्यांपैकी एक जुना वर्गमित्र. त्याला मी विचारलं, तुझ्या डब्यात कोणतं प्रीबायोटिक आहे आणि एका चमच्यात किती ग्रॅम? त्याने लेबलचा फोटो पाठवला. पाच नावं एकाखाली एक, आणि ग्रॅमचा आकडा एकच, पाचांचा मिळून. कोणत्या चाचणीशी ताडायचं ते मलाही सांगता येईना. मग विचारलं, घेतोस किती?

“एक चमचा लिहिलाय. पण पोट फुगायला लागलं, म्हणून तीन करतोय.”